बडीचे पाय

बर्फातली पोस्टिंग आली तेव्हा मी नाईक होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि माझी खालची दाढ दुखत होती. सैन्य पहिल्या दोन गोष्टींची नोंद घेते, दाढेची घेत नाही.

माझं नाव दानिएल वानखडे. आजोबा रेल्वेत फिटर होते. ते अमरावतीकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. घरात वऱ्हाडी, चर्चमध्ये हिंदी, बाजारात छत्तीसगढी, आणि पलटणीत तोंडाला येईल ते. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता तेलीबांध्याला राहतो, सकाळी तलावाला फेऱ्या मारतो, आणि बायकोचं म्हणणं खरं मानलं तर दिवसभर कुकरलासुद्धा ऑर्डर देतो.

लोक विचारतात, वर दुश्मनाची भीती वाटायची का? अहो, दुश्मन समोरच्या डोंगराच्या धारेवर आमच्यासारखाच कुडकुडत बसलेला. आमची रोजची लढाई पायांशी होती.

बर्फात पाय आधी दुखतो, मग दुखायचा थांबतो. थांबला की जवान खूश होतो आणि तिथंच फसतो. पाय आतून मरत असतो आणि मालकाला पत्ता नसतो. म्हणून स्वतःचे पाय स्वतः तपासायचे नाहीत, असा नियम. दोघादोघांची जोडी असते. ते एकमेकांचे बडी. संध्याकाळी बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, पेटली की बूट-मोजे काढायचे आणि बडीचे पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, चोळायचं, सुके मोजे चढवायचे. मग सेक्शन कमांडर एकेकाचं नाव घेतो, आणि उत्तर त्याने नाही, त्याच्या बडीने द्यायचं.

आमचा सेक्शन कमांडर होता हवालदार सुखलाल मसीह. मुंगेलीकडचा, मितभाषी, नेमका माणूस. तो म्हणायचा, "कुजूर?"

"कुजूर ठीक!" हे मी ओरडायचो.

"वानखडे?"

"वानखडे ठीक, लेकिन बास मारता है!"

असं ओरडणारा लान्स नाईक बेनेडिक्ट कुजूर, माझा बडी. जशपूरकडचा उरांव पोट्टा. तो कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. जेवणाआधी तो झटकन क्रूसाची खूण करून मोकळा व्हायचा. मी डोळे मिटून प्रार्थना करायचो आणि आमेन म्हणेपर्यंत माझ्या ताटातला बटाटा गेलेला असायचा. मी शिव्या दिल्या की म्हणायचा, "तेरी प्रार्थना लंबी है भाई, मेरा क्या कसूर?" माझे पाय चोळताना तो गावाकडची गाणी म्हणायचा. आवाज असा की बंकरचं छप्पर सुटतं की काय वाटावं. अन् थांब म्हटलं की आणखी वरची पट्टी लावायचा.

पोस्टवरून खाली लिंक पॉइंटपर्यंत लोड पार्टी जायची. रॉकेल, रेशन आणि डाक घेऊन यायची. वाटेत एक नाला होता आणि त्याच्या डोक्यावर बर्फाचा मोठा उतार. त्या उतारावर ऊन पडायच्या आत नाला ओलांडायचा, हा कायदा. ऊन लागलं की बर्फ सुटतो.

मार्च सरत आला होता. दाढ ऐकेना म्हणून मला आदल्या दिवशी लिंक पॉइंटवर पाठवलं. तिथं नर्सिंग असिस्टंट होता. निघताना मी विचारलं, "आज कुजूरचे पाय कोण पाहील?"

सुखलाल म्हणाला, "मैं देख लूँगा. तू दाँत दिखा के आ."

दाढ उपटली. सकाळी मी सुजलेलं तोंड घेऊन रेडिओ सेटजवळ बसलो होतो. टायगर म्हणजे वरची पोस्ट, लोटस म्हणजे आम्ही. वेळेवर आवाज आला. सुखलालचा.

"टायगर फॉर लोटस. पार्टी चल पड़ी. ओव्हर."

"लोटस ओके. ओव्हर."

मी चहा चढवायला सांगितला. कुजूरला साखर जास्त लागायची.

नाल्याच्या तोंडाशी ते दिसायला हवे होते तेव्हा कोणी दिसलं नाही. ऊन धारेवरून उतारावर उतरलं. मी दुर्बीण लावून उभा. मग दिसले. चौघं, एकाच रोपला, म्हणजे दोराला, बांधलेले, उन्हातल्या बर्फावर. मी सेट हिसकावला.

"टायगर, पार्टी वापस! वापस लो! ओव्हर!"

उत्तर आलं नाही. आवाजही फार मोठा झाला नाही, गोदामात धान्याचं पोतं पडावं तेवढाच. उतार सरकला, रोप तुटला. तिघं वर राहिले. शेवटी चालणारा कुजूर राहिला नाही.

आम्ही खालून चढलो. वरचे खणतच होते. दुपार कलल्यावर तो सापडला. त्याला स्ट्रेचरवर घेतलं. मी त्याचे बूट काढले, मोजे काढले, बेचक्यांत पाहिलं, फडक्याने पुसलं आणि माझे सुके मोजे त्याला चढवले. तोंडातून आपोआप निघालं, "कुजूर ठीक." कंपनी कमांडर साहेब शेजारी होते. ते पाठ फिरवून उभे राहिले.

काय झालं ते मग कळलं. त्या सकाळी सॅटेलाइट फोनवर सुखलालची पाळी होती. बायको दवाखान्यात, पहिलं बाळंतपण. फोन लागेना. पार्टी त्यालाच न्यायची होती, म्हणून त्याने ती थांबवून ठेवली आणि सेटवर सांगून टाकलं, चल पड़ी. खरं सांगितलं असतं तर साहेबांनी त्या दिवशीची पार्टीच रद्द केली असती. शेवटी फोन लागला. मुलगी झाली होती. पेढे कुठले तिथं, गुळाचे खडे वाटले आणि निघाले. चौकशीत सुखलालने एक अक्षर लपवलं नाही. त्याला शिक्षा झाली. मला ती कमी वाटली. मी कुजूरला घेऊन त्याच्या गावी गेलो, त्याच्या आयोच्या स्वाधीन केलं. आयो म्हणजे त्यांच्यात आई. तिथून माझी बदली झाली आणि सुखलालचं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही.

पाहायचंही नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्या बडीचा जीव या माणसाने एका वाक्यात घालवला, असं मी वीस वर्षं धरून बसलो होतो.

आता चर्चची गोष्ट सांगतो. प्रभूची प्रार्थना आम्ही दर रविवारी म्हणतो. त्यात एक ओळ माफीची आहे. आपण देवाकडे माफी मागायची आणि त्याच दमात सांगायचं की आम्हीही दुसऱ्याला माफ केलंय. ती ओळ आली की मी खोकायचो. दर रविवारी, वीस वर्षं. मला वाटे, कोणाच्या लक्षात येत नाही.

विमल, म्हणजे माझी बायको, एकदा घरी येता येता म्हणाली, "अहो, तुमचा खोकला मोठा धार्मिक आहे बाई. बरोबर त्याच ओळीले येते."

"सर्दी आहे मले."

"मे महिन्यात? डॉक्टरले नका दाखवू, पास्टरले दाखवा."

मी स्कूटर जोरात पळवली. तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. बधिर पायाचं असंच असतं.

यंदा ईस्टरच्या आधीच्या रविवारी पास्टरांनी नवं कुटुंब उभं केलं. मुलीला नवा रायपूरमध्ये ऑफिसात नोकरी लागली म्हणून बापलेक इथं राहायला आले. बायको मागेच वारली. "भाई सुखलाल मसीह, बेटी रोशनी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो डाव्या पायाने लंगडत होता. केस पांढरे. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी उठून पार्किंगमध्ये गेलो आणि स्कूटर पुसत बसलो. स्कूटर स्वच्छच होती.

घरी मी जाहीर केलं, "पुढच्या रविवारपासून आपण दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ."

विमल भाकरी थापत होती. "काहून?"

"तो सुखलाल आहे."

तिने तवा उतरवला. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, "त्यानं चूक केली, मोठी केली. पण तुम्ही त्याले वीस वर्षं पाठीवर घेऊन फिरून राहिले, अन् थकले तुम्हीच. उतरवा ना आता. प्रभू कायले आहे मंग?"

मी जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, भाजी नाही.

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी एकमेकांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. प्लास्टिकचा टब, कोमट पाणी, टॉवेल. बाकावर बसलेल्याचे पाय शेजारचा धुतो, मग ज्याचे धुतले तो पुढच्याचे, अशी ओळ चालते. सुखलाल पुढे बसला म्हणून मी मागे गेलो. तो पाणी प्यायला मागे आला म्हणून मी पुढे. पुन्हा खिडकीजवळ. जागा बदलून माणूस चुकवता येतो, असं सुभेदाराला वाटलं! पास्टर म्हणाले, यंदा खिडकीकडून सुरू करू, आणि उशिरा आलेल्यांना त्यांनी मधल्या जागा दिल्या. सरकता सरकता माझ्या शेजारी येऊन बसला सुखलालच. ओळीत पहिला मी.

सगळं चर्च बघतंय. विमल पलीकडून बघतेय. मी गुडघ्यावर बसलो.

उजवा पाय पाण्यात घेतला, दोनदा हात फिरवला, पुसला. ड्यूटी झाली. मग डावा मोजा काढला. अंगठा नव्हता. त्याच्या शेजारची बोटंही नव्हती. कडेला करंगळी तेवढी उभी. माझा हात सवयीने बेचक्याकडे गेला आणि त्याला बेचकं सापडेना.

मी हळूच विचारलं, "ये कब हुआ?"

"उसी दिन. बूट बर्फ में रह गया था. मैं खोदता रहा."

"अन् शाम को? पैर किसने देखे?"

तो पाय मागे ओढायला लागला. मग म्हणाला, "किसी ने नहीं. मेरा बडी स्ट्रेचर लेकर नीचे गया था. बाकी लड़के... उस शाम मेरे पास कौन बैठता, वानखडे? ठीक ही था."

मला राग आला. खरंच सांगतो, डोक्यात तिडीक गेली. पण वीस वर्षांत पहिल्यांदा तो राग सुखलालवर नव्हता, सुखलालसाठी होता. अबे, कैद्याचेसुद्धा पाय पाहतात! रोज संध्याकाळी अख्ख्या सेक्शनची नावं घेणारा माणूस, आणि त्या संध्याकाळी त्याचं नाव घ्यायला कोणी नाही? बुखारीपासून दूर कोपऱ्यात बसून तो मेलेल्या पायाकडे बघत असेल, आणि दुखत नाही हेच बरं म्हणत असेल.

मी तो पाय उचलून मांडीवर घेतला. इस्त्रीची पँट ओली झाली. बंकरमध्ये चोळायचो तसा चोळायला लागलो, टाचेपासून वर. मागची ओळ खोळंबली. पास्टर खाकरले. मी म्हटलं, "पास्टर साब, टाइम लगेगा."

मग मी सुखलालला म्हणालो, आणि मराठीतच म्हणालो, कारण मनातलं मला त्याच भाषेत येतं, "सुखलाल, मी तुले धरून ठेवलं होतं. आज सोडलं. माझ्यानं होत नव्हतं. प्रभूनंच सोडवलं, हात फक्त माझे आहेत."

त्याला सगळी मराठी कळली की नाही, माहीत नाही. एवढा मोठा हवालदार, पण बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. हुंदके देत म्हणाला, "प्रभु ने माफ किया, ये मैं मानता था, वानखडे. रोज मानता था. पर यहाँ तक नहीं पहुँचा था." आणि त्याने पायाकडे बोट दाखवलं.

मीही रडलो. लपवायचं काय त्यात. छातीवरून सिमेंटची गोणी कोणी उचलावी तसं हलकं वाटलं.

शेवटी प्रभूची प्रार्थना झाली. माफीची ओळ आली. मी ती अशी दणक्यात म्हटली की पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून पाहिलं. बायांच्या बाजूने विमलचा आवाज आला, "गेला बाई खोकला!" पवित्र गुरुवारी हसू नये. आम्ही हसलो.

बाहेर अंगणात रोशनी आली. "आप वो वानखडे अंकल हैं? पापा आपका नाम बहुत लेते हैं."

मी विचारलं, "बेटा, तुझा वाढदिवस आता जवळच असेल ना?" ती कोणत्या सकाळी जन्मली हे मी कसं विसरेन?

ती सुखलालकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "अगले शनिवार. पर हम मनाते नहीं, अंकल. उस दिन घर में चूल्हा नहीं जलता. पापा दिनभर कुछ नहीं खाते. मैंने आज तक अपना केक नहीं काटा."

एवढी मोठी पोरगी. बापाने बाप म्हणून सगळं दिलं, तेवढा एक दिवस दिला नाही. तिचा काय गुन्हा होता? फोनवर रडली, एवढाच.

मी ताठ उभा राहिलो. "हवालदार सुखलाल! शनिवारी माझ्या गच्चीवर बडाखाना. तू अन् पोरगी, वेळेवर. ही ऑर्डर आहे."

बडाखाना म्हणजे पलटणीचं मोठं जेवण. त्यात वरचा हुद्दा खालच्याला वाढतो, आणि सगळे जेवल्यावर आपण जेवतो. विमल घरी म्हणाली, "ऑर्डर तुम्ही देता, कांदे मी कापू काय?" कांदे मीच कापले.

आणि मी आयोला फोन लावला. तिच्या भाच्याने उचलला आणि तिच्या हातात दिला. मला भीती होती. मी माफ केलं, पण मुलगा तिचा गेला होता. त्या दिवशी केक कापायचा म्हणजे तिची परवानगी हवी. मी अडखळत सगळं सांगितलं.  मग आयो एवढंच म्हणाली, "कौन बस पकड़ूँ?"

शनिवारी सकाळी ती आली. वाकलेली, पण डोळे बेनीचे, म्हणजे माझ्या कुजूरचे, तसेच बटाटाचोर. सोबत पिशवीत घरचे तांदूळ. संध्याकाळी सुखलाल गच्चीवर आला आणि तिला पाहून जिन्यातच थिजला. मी म्हटलं, आता काय होतं कोण जाणे.

आयो म्हणाली, "आ बेटा. पैर कैसा है?"

त्याच्या पायाचं हिला कसं माहीत? ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ये तो कब का आया था मेरे घर. बैसाखी टेकते हुए. सब बता दिया था. मैंने तभी क्रूस के सामने माफ कर दिया. तुझे नहीं मालूम?"

मला कुठून मालूम असणार? मी त्याचं नावही कोणाला काढू देत नव्हतो.

मग तिने रोशनीला जवळ ओढलं, आणि तिच्या वाढदिवसाला घरात चूल पेटत नाही हे ऐकून सुखलालवर अशी कडाडली की काय सांगू. "हर साल उस दिन मैं बेनी की कब्र पर मोमबत्ती जलाती हूँ, और सोचती हूँ, चलो, आज एक लड़की कहीं केक काट रही होगी, हँस रही होगी. उसी से मेरा दिन निकलता था. और तू? तूने काटा ही नहीं? बीस साल मुझे झूठा बनाया!"

सुखलालने कान धरले. रोशनी हसता हसता रडायला लागली. मग केक कापला. मी डाव घेऊन वाढायला उभा राहिलो. सावजी मटण, पुऱ्या, आयोच्या तांदळाचा भात. शेजारीपाजारी, चर्चची मंडळी, सगळ्यांना वाढलं. आयोने बायांचे हात धरून ओळीने नाच सुरू केला, आणि सुखलाल अर्ध्या पायाने त्यात सामील झाला. ठेका चुकत होता, पण कोणाला फिकीर होती?

पंगत उठल्यावर आयो खाटेवर टेकली. बसच्या प्रवासाने तिचे पाय सुजले होते. मी खाली बसून एक पाय मांडीवर घेतला. सुखलाल न बोलता आला आणि त्याने दुसरा घेतला. बेचक्यांत पाहिलं, पुसलं, चोळायला लागलो. आयो म्हणाली, "बेनी बोलता था, वहाँ मेरा बडी मेरे पैर देखता है. मैं सोचती थी, मज़ाक करता है."

सुखलालने मान वर केली. जुन्या आवाजात, सेक्शन कमांडरच्या आवाजात, त्याने पुकारलं, "आयो?"

"आयो ठीक!" मी म्हटलं. मग मीच पुकारलं, "सुखलाल?" आणि उत्तरही मीच दिलं, "सुखलाल ठीक!"

"वानखडे?"

सुखलालने पुकारलं, पण हे उत्तर देणारा तिथं नव्हता.  मग रोशनी पुढे आली. हे तिला बापाने कधीतरी सांगितलं असणार. "वानखडे अंकल ठीक," ती म्हणाली, "लेकिन बास मारते हैं!"

गच्ची हसली. आयो तर पोट धरून हसली. सुखलालने डोळे पुसले, आणि शेवटचं नाव घेतलं.

"कुजूर?"

हे उत्तर माझं. मी उभा राहिलो आणि तलावापलीकडे ऐकू जाईल असं ओरडलो, "कुजूर ठीक!"

"हव," आयोने मान डोलावली. मग तिने रोशनीपुढे रिकामी बशी धरली. "बेनी का टुकड़ा दे. मैं खाऊँगी."